गिलावा न दिलेल्या भिंती

दिल्लीस जाऊन आलेली मंडळी लाल किल्ल्याचें व कुतुबमिनाराचें वर्णन करितात; परंतु तेथील राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कचेरीचा उल्लेख आम्ही कोणाच्या तोंडून ऐकला नाहीं. आमच्याकडील सहकारी साखर कारखान्यांस कर्ज देणारी हीच ती संस्था. कुलदीप सिंग यांनीं रचिलेल्या या इमारतीचीं दोन अंगें खालीं फांकलेलीं व वर एकत्र आलेलीं आहेत. म्हणून दिल्लीकर तिला ‘पायजमा बिल्डिंग’ म्हणतात. चेष्टेनें कां होईना, लोकांनीं कचेरीकडे मान वर करून पाहिलें, हें थोडें नव्हे!

या वास्तुपद्धतीस ‘ब्रूटॅलिझम’ म्हणतात. शब्दास क्रौर्याचा वास येतो खरा. पण त्याच्या मुळाशीं असलेल्या फ्रेंच ‘बेताँ ब्रूत’चा अर्थ केवळ ‘कच्चें काँक्रीट’ एवढाच. गिलावा नाहीं, रंग नाहीं. सेंटरिंगच्या फळ्या काढल्यावर लांकडाच्या शिरा भिंतीवर उमटतात, त्या तशाच राहूं द्यावयाच्या. काव्यांत क्वचित् अलंकार नसला तरी चालेल, अशी मुभा मम्मटानें लक्षणांतच ठेविली आहे. मग भिंतीस ती कां नसावी? मंडी हाऊसजवळील श्रीराम सेंटर उतरत्या उन्हांत पाहावें. गोल बुरुजावर ठेविलेल्या त्या अवजड पेटीची सावली हाच तिचा अलंकार. पावसाचे काळे ओघळ मात्र या भिंतींस शोभत नाहींत, आणि निगा न राखल्यास त्या फारच कळाहीन दिसतात, हेंही सांगितलें पाहिजे.

प्रगति मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ 1972 सालीं उभा राहिला. वास्तुशिल्पी राज रेवाल, अभियंते महेंद्र राज. आंत एकही खांब नसलेलें असें विशाल छत परदेशांत पोलादाच्या जाळीनें उभारीत. आपणांकडे पोलाद दुर्मिळ व महाग. म्हणून तीच त्रिकोणी जाळी मजुरांनीं काँक्रीटमध्यें जागेवर ओतून काढिली! दारिद्र्यांतून इतकें देखणें कांहीं निघालेलें आम्हांस दुसरें आठवत नाहीं. साठ वर्षें न झालेल्या इमारतीचा विचार करतां येत नाहीं, असें वारसा समितीनें कळविलें, आणि 2017 च्या एप्रिलांत एका रात्रींत तो हॉल पाडण्यांत आला. त्याचें वय तेव्हां पंचेचाळीस होतें.

पायजमा बिल्डिंगनेंही अद्याप साठी गांठलेली नाहीं. दिल्लीस जाणारांनीं कुतुबमिनाराहून परततांना वाट थोडी वांकडी करावी. मुलें बरोबर असल्यास भिंतीवरील फळ्यांच्या खुणा त्यांस अवश्य दाखवाव्या.