उडवायला जागा हवी: पुणे जिल्ह्यातील रेडिओ-नियंत्रित विमान छंदिष्टांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

प्रत कार्यवाहीसाठी: मा. आयुक्त, पुणे व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, शहर व ग्रामीण पोलीस दलांचे प्रमुख, मा. जिल्हा क्रीडा अधिकारी

विषय: रेडिओ-नियंत्रित विमाने उडवण्यासाठी मैदाने नेमून देणे आणि मैदानांची व क्लबांची माहिती सर्वांना मिळेल अशी व्यवस्था करणे.

महोदय,

पुण्यात आज रेडिओ-नियंत्रित विमान बांधणे अवघड राहिलेले नाही. फोमचे पत्रे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, सुटे इलेक्ट्रॉनिक भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात आणि मोटर, सर्व्हो, लायपो बॅटरी हॉबी शॉपमध्ये. अकरावीतली मुलगी सुट्टीत घरी बसून विमान पुरे करू शकते. खरी अडचण पुढे येते. ते उडवायचे कुठे आणि उडवायला शिकवणार कोण? दुकानदार एखाद्या जुन्या छंदिष्टाचा नंबर देतो. तो सांगतो, आम्ही अमुक माळावर उडवायचो, पण तिथे आता प्लॉटिंग झाले. दुसरा सांगतो, आमचे मैदान आहे, पण जास्त लोक आले तर जमीनमालक बंद करील, म्हणून आम्ही गाजावाजा करत नाही. शेवटी ते विमान सोसायटीच्या गच्चीवरून किंवा क्रिकेट चालू असलेल्या मैदानावर पहिल्यांदा हवेत जाते. शिकणाऱ्याच्या आणि इतरांच्या दृष्टीने यापेक्षा वाईट जागा नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की या छंदात सुरक्षितता मैदानापासून सुरू होते. नियमावली, विमा, प्रमाणपत्र हे सगळे त्यानंतर येते.

याचे कारण साधे भौतिकशास्त्र आहे. सराव-विमानाच्या पंखांची लांबी साधारण सव्वा ते दीड मीटर आणि वजन दीड किलोच्या आसपास असते. असे विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याचा आघात १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांहून थोडे वरून, पडलेल्या तेवढ्याच वजनाच्या वस्तूइतका असतो. पुढे फिरणारा पंखा असतो तो वेगळाच. शिवाय हे विमान ड्रोनसारखे हवेत एका जागी थांबत नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांची उचल संपते आणि ते खाली येते. वळायला जागा लागते, उतरायला त्याहून जास्त लागते. नवख्याला आणखी एक अडचण असते: विमान स्वतःकडे येत असताना डावी-उजवी बाजू उलटी वाटते. हात आपोआप चुकीकडे वळतो. ही चूक प्रत्येक शिकाऊ करतो आणि ती सावरायला शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो. क्लबमध्ये यासाठी दोन ट्रान्समीटर जोडून शिकवतात. शिष्याचे विमान हाताबाहेर जाऊ लागले की गुरू एक कळ सोडून ताबा स्वतःकडे घेतो. हे शिक्षण व्हिडिओ पाहून मिळत नाही. ते मैदानावरच मिळते.

कायदा आमच्या विरोधात नाही, हेही इथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. केंद्र शासनाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या ड्रोन नियमांत २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या आणि बिगर-व्यावसायिक वापराच्या २ किलोपर्यंतच्या विमानांसाठी वैमानिक-प्रमाणपत्र लागत नाही. शिकाऊंची बहुतेक विमाने यातच बसतात. ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशात हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी नको. आकाशाची परवानगी आहे. पाय ठेवायला जमीन नाही.

पुण्याचा भूगोल यात भर घालतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, खडकी आणि देहूरोडला लष्करी आस्थापना व कारखाने. या ठिकाणांपासून दूर राहणे आम्हाला पूर्ण मान्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग उरते ते शिरूर, दौंड, खेड, मावळ या तालुक्यांतले माळरान. आणि तेही गुंठेवारी, गोदामे, रस्ते यांनी दरवर्षी घटते आहे. पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ प्रस्तावित आहे. तो झाला की त्या बाजूचे आकाशही आक्रसेल. म्हणून जागा आज राखून ठेवायला हवी.

तसा हा जिल्हा विमानविद्येला अनोळखी नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर १९५० पासून अनेक दशके ग्लायडर उडाले, तेही लोहगावपासून इतक्या जवळ. समन्वय नीट ठेवला तर हवाई दल आणि नागरी छंद शेजारी नांदू शकतात, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ स्वतः आखलेली विमाने घेऊन स्पर्धांना जातात. त्या मुलांना विचारावे, सराव कुठे केला. बरेच जण सांगतील की स्पर्धेआधी विमान जेमतेम एकदा-दोनदा हवेत नेता आले.

आता मागण्या.

पहिली मागणी जागेची. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर किंवा दौंड तालुक्यात एक आणि पश्चिम-उत्तरेला मावळ किंवा खेड तालुक्यात एक, अशी किमान दोन मैदाने नेमून द्यावीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम २२ अन्वये शासकीय जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी नेमून देण्याचा अधिकार आपल्या यंत्रणेकडे आहे. आम्हाला मालकी नको, भाडेपट्टा नको, कुंपण नको, पक्के बांधकाम तर मुळीच नको. हवे आहे ते असे: १०० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, मुरूम टाकून रोलर फिरवलेली पट्टी. तिचे क्षेत्र जेमतेम १५ गुंठे होते. तिच्याभोवती ३०० मीटर बाय २०० मीटर, म्हणजे सुमारे १५ एकर, मोकळा माळ असावा. त्यावरून फक्त उडायचे आहे. तो गवताला, गुरांना आहे तसाच राहील. मेंढरे आली की विमाने खाली येतील. हा नियम आम्ही फलकावर पहिला लिहू.

पट्टी पूर्व-पश्चिम असावी. पावसाळ्यात इकडे वारा पश्चिमेचा आणि हिवाळ्यात बराचसा पूर्वेचा असतो, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उतरवावे लागते. उडवणाऱ्यांनी पट्टीच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे बहुतेक काळ सूर्य पाठीशी राहतो. म्हणून वस्ती, रस्ता आणि विजेच्या तारा उत्तरेच्या बाजूला नसाव्यात. जागा निवडताना तलाठी कार्यालयाच्या उताऱ्याबरोबर एवढे पाहिले तरी पुष्कळ पुढचे वाद टळतील. उजनी धरणाच्या फुगवट्यासारखी पक्ष्यांची ठिकाणे, फुलांची पठारे, सडे यांपासून आम्ही स्वतःहून लांब राहू. अशी जागा कोणी देऊ केली तरी घेणार नाही.

इंजिन नसलेल्या ग्लायडरसाठी डोंगराची कड लागते. कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते तासन्‌तास तरंगू शकतात. कामशेत परिसरात पॅराग्लायडिंग चालते, तिथल्या संयोजकांशी वेळा ठरवून महिन्यातला एखादा दिवस मिळाला तरी चालेल. माणूस हवेत असताना आमचे एकही ग्लायडर वर जाणार नाही.

दुसरी मागणी माहितीची, आणि आमच्या लेखी तिचे मोल पहिलीइतकेच आहे. मैदान असले आणि नव्या माणसाला ते सापडलेच नाही, तर तो गच्चीवरच राहतो. आपल्या कार्यालयाने जिल्ह्यातील नेमून दिलेल्या मैदानांची आणि मान्यता दिलेल्या क्लबांची यादी मराठीत जाहीर करावी. यादीत मैदानाचा रस्ता, उड्डाणाचे वार आणि वेळा, नकाशातला रंग, उंचीची मर्यादा, क्लबचा संपर्क आणि नवख्यांना शिकवण्याचा दिवस असावा. ती जिल्हा संकेतस्थळावर तर असावीच, पण हॉबी शॉपच्या काउंटरवर, इंजिनिअरिंग कॉलेजांत, आयटीआयमध्ये आणि संबंधित पोलीस ठाण्यांतही लावावी. दर सहा महिन्यांनी ती आम्ही तपासून देऊ. यादीत येण्यासाठी क्लबवर अटी घालाव्यात: नेमलेला सुरक्षा अधिकारी, उड्डाण नोंदवही, तृतीय पक्षाचा विमा आणि नव्या सदस्याला दार बंद न करण्याची हमी. शेवटची अट आम्ही मुद्दाम घालायला सांगत आहोत. जागा जाईल या भीतीने अनेक गट आज ओळखीच्यांपुरतेच राहिले आहेत. जागेची खात्री मिळाली की ती भीती उरणार नाही.

अशी व्यवस्था जगात नवी नाही. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या मॉडेल विमान संघटनेचे क्लब देशभर पसरले आहेत, आणि तिथल्या विमानवाहतूक प्रशासनाने दूरस्थ ओळख-यंत्राची (रिमोट आयडी) सक्ती केली तेव्हा मान्यताप्राप्त क्लब मैदानांना त्यातून वगळले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांतही क्लबांना स्वतंत्र परवाना देऊन सदस्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्याची सोय आहे. दोन्हीकडे शासनाने एकेका माणसामागे धावण्याऐवजी मैदानाला आणि क्लबला धरले.

तिसरी मागणी पोलीस यंत्रणेशी संबंधित आहे. मोठ्या शहरांत सुरक्षेच्या कारणाने ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरील विमानांवर बंदीचे आदेश निघतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. सुरक्षेपुढे आमचा छंद लहान आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ड्रोन नियमांनी गरजेनुसार जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करण्याची आणि ते शक्य तितके लहान ठेवण्याची तरतूद केलेली आहे. शक्य तिथे तिचा वापर व्हावा. सरसकट आदेश काढावा लागलाच, तर नेमून दिलेली मैदाने त्यातून वगळावीत किंवा निदान आदेश निघताच क्लबांना कळवावा. मैदानाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे एक पानी पत्र असावे: इथे कोण, कोणत्या दिवशी, काय उडवते. गस्तीवरच्या हवालदाराला आकाशात काही दिसले की शंका येणे रास्तच आहे. त्याच्या हाती कागद असला तर त्याचाही वेळ वाचेल आणि शाळकरी मुलाला ठाण्यात बसावे लागणार नाही.

चौथी मागणी छोटी आहे. जून ते सप्टेंबर माळावर उडवणे जवळजवळ बंद असते. त्या काळात क्रीडा संकुलांतील बॅडमिंटन हॉल महिन्यातून एक सकाळ मिळावा. हॉलमध्ये उडणारी फोमची विमाने २५० ग्रॅमपेक्षा बरीच हलकी आणि अतिशय संथ असतात. लाकडी जमिनीला ओरखडाही येत नाही. नवख्याची पहिली ओळख इथेच व्हावी, असे आम्हाला वाटते.

पाचवी: घरी बांधलेल्या मॉडेल विमानाच्या नोंदणीबाबत नेमके काय करावे, याचे स्पष्ट लेखी मार्गदर्शन आपल्या कार्यालयाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मागवून मराठीत प्रसिद्ध करावे. प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे, पण नोंदणीच्या टप्प्यावर पालक आणि शिक्षक अडखळतात.

या बदल्यात आम्ही काय देणार, तेही लिहून देतो. पट्टीचा मुरूम, रोलर आणि गवत कापण्याचा खर्च सदस्य करतील. प्रत्येक उड्डाणाआधी ट्रान्समीटरची पल्ला-चाचणी होईल आणि संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होते की नाही हे जमिनीवर तपासले जाईल. लायपो बॅटऱ्या नजरेखालीच चार्ज होतील, शेजारी वाळूची बादली राहील. नेमलेली रेषा ओलांडून प्रेक्षकांच्या किंवा वस्तीच्या बाजूला विमान नेणाऱ्याला त्या दिवशी ट्रान्समीटर खाली ठेवावा लागेल, मग तो कितीही जुना सदस्य असो. इंधनावरची मोठ्या आवाजाची इंजिने सकाळी नऊच्या आधी सुरू होणार नाहीत. मैदानाच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुलामुलींना आम्ही वर्षभर विनामूल्य शिकवू. विमान आणि सुटे भाग क्लबचे असतील. ज्या गावाने माळ दिला, त्या गावातली मुले नुसती लांबून पाहत उभी राहिली तर ते मैदान टिकणार नाही, आणि टिकूही नये.

दोन्ही तालुका-गटांतील संभाव्य जागांची संयुक्त पाहणी दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, ठेवावी अशी विनंती आहे. त्या वेळी जमिनीचा चढ-उतार दिसतो आणि पूर्वेचा वाराही सुरू झालेला असतो. महसूल, पोलीस आणि ग्रामपंचायत यांचे प्रतिनिधी सोबत असावेत. आम्ही पट्टी आखण्याचे साहित्य आणि एक सराव-विमान घेऊन येऊ, म्हणजे किती जागा लागते आणि आवाज किती होतो, हे ग्रामस्थांना जागेवरच पाहता येईल. पाहणीची तारीख ठरवून कळवावी.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य