पडला की उठवा?

क्लाउडवरच्या कंटेनरला ‘पडलास तर आपला आपण उठ’ असं बजावण्याची सोय डॉकरमध्ये आहे, आणि बहुतेक मंडळी तिथे डोळे मिटून ‘ऑलवेज’ लिहून मोकळी होतात. हा शुद्ध आळस आहे. खुद्द डॉकर, सांगितल्याशिवाय, कुणाला उठवत नाही. ‘ऑन-फेल्युअर’मध्ये कितीदा उठवायचं तो आकडा देता येतो, ‘अनलेस-स्टॉप्ड’ हाताने थांबवलेल्या कंटेनरला सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही झोपू देतं. ‘ऑलवेज’ला एवढी रीत नाही: दुपारी बंद केलेला कंटेनर रात्री सर्व्हर उठताच परत हजर, आग्रह न करताही जेवायला थांबणाऱ्या पाहुण्यासारखा. कुबरनेटिसमध्येही मुळात ‘ऑलवेज’च असतं, पण ते वारंवार पडणाऱ्याला 10 सेकंद, मग 20, मग 40 असं ताटकळत ठेवत 5 मिनिटांपर्यंत नेतं आणि पडद्यावर ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ झळकवतं. (हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला पगारवाढ द्यावी.) तो दिसला की नवशिके कंटेनर ज्यात चालतो तो पॉडच उडवतात, नवा येतो आणि तोही त्याच खड्ड्यात पडतो. डेटाबेसचा पासवर्डच चुकला असेल तर शंभरदा उठवूनही तो बरोबर होत नाही. आणि 137 हा एक्झिट कोड दिसला तर बहुधा मेमरी पुरलेली नसते. म्हणून डॉकरमध्ये कायम चालणाऱ्या सेवेला ‘अनलेस-स्टॉप्ड’ द्या, एकदाच चालून संपणाऱ्या कामाला ‘ऑन-फेल्युअर’ आणि 5 ची मर्यादा, आणि कुबरनेटिसमध्ये पॉड उडवण्याआधी ‘लॉग्ज’च्या आज्ञेला ‘प्रीव्हियस’ जोडून आधीच्या कंटेनरने शेवटी काय लिहिलं ते वाचा.