प्रमाणपत्र मिळालं, प्रश्न कुठाय?

दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजात दोन गोष्टींचे वेध लागतात. एक गॅदरिंग आणि दुसरं 'आविष्कार'. पहिल्याच्या ऑडिशनला रांग लागते. दुसऱ्यासाठी सर-मॅडमना वर्गावर्गांत फिरून नावं गोळा करावी लागतात. असं का होतं, याचं सगळं खापर पोरांच्या माथी फोडण्यात अर्थ नाही.

कुलपती या नात्याने राज्यपालांच्या पुढाकारातून २००६ च्या सुमारास सुरू झालेली ही स्पर्धा आयडिया म्हणून भारीच आहे. भाषा-कलांपासून शेती, औषधनिर्माणापर्यंत सहा गट. पदवीवाले, एम.ए.-एम.एस्सी.वाले आणि पीएच.डी. करणारे, सगळ्यांना जागा. एरवी ज्यांची कँटीनसुद्धा वेगळी, अशी मुलं एका मांडवाखाली पोस्टर लावून उभी राहतात. आता याशिवाय विभागांच्या परिषदा, चर्चासत्रं, संशोधक विद्यार्थ्यांचे मेळावे आहेतच.

पण अशा कार्यक्रमांचं वेळापत्रक एकदा नीट बघा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग बीजभाषण. तिथेच साडेबारा वाजतात. जेवणानंतर तीन खोल्यांत एकदम सत्रं, प्रत्येकाला आठ मिनिटं, आणि सहाव्या मिनिटाला घंटा. "प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा." चहाच्या वेळी अर्थातच कुणी काही विचारत नाही, तिथे समोसा संपायच्या आत गाठायचा असतो. आपला पेपर झाला की निम्मी खोली प्रमाणपत्राच्या टेबलाकडे निघून जाते, आणि शेवटच्या मुलीचं संशोधन ऐकायला उरतात अध्यक्ष, तिची मैत्रीण आणि माइकवाले काका.

यात नेमकं काय हुकतं? समजा, तुम्ही कांदाचाळीत कांदा किती सडतो यावर काम केलंय. वर्षभर गावोगाव फिरलात, शेतकऱ्यांशी बोललात, छान आलेख काढलेत. मागच्या बाकावरून एखादी विचारते, "कुठल्या हंगामाचा कांदा?" उन्हाळी कांदा चाळीत महिनोन् महिने टिकतो, रांगडा तितका टिकत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये हंगामाचा रकानाच नाही. म्हणजे ज्या चाळीला तुम्ही वाईट ठरवलंत, तिच्यात कदाचित फक्त रांगडा भरलेला होता. घाम फुटेल, मान्य. पण हा घाम प्रबंध बांधून झाल्यावर, परीक्षकासमोर फुटण्यापेक्षा आत्ता फुटलेला परवडला. आत्ता फोन करून हंगाम विचारता येतो. असा एक प्रश्न दहा प्रमाणपत्रांपेक्षा महाग असतो, आणि नेमका तोच वेळापत्रकातून कापला जातो.

प्रमाणपत्रांचा हा बाजार उगाच भरलेला नाही. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं आणि परिषदांत दोनदा पेपर वाचणं बंधनकारक होतं. हेतू चांगला होता, पण झालं ते सगळ्यांना माहितीये. 'आंतरराष्ट्रीय' ऑनलाइन परिषदा उगवल्या. फी भरा, दहा मिनिटं स्क्रीन शेअर करा, संध्याकाळी मेलवर पीडीएफ. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. सवय मात्र गेली नाही.

वेळ कमी पडतो, ही सबब आम्हाला तरी पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. अख्खी पीएच.डी. तीन मिनिटांत सांगायची, एकाच स्लाइडवर, अ‍ॅनिमेशन नाही की व्हिडिओ नाही. आज ती जगभरातल्या विद्यापीठांत होते. (आपल्याकडे तीन मिनिटांत पाहुण्यांच्या पदव्याही वाचून होत नाहीत!) आठ मिनिटांतली चार बोलायला आणि चार प्रश्नांना दिली, तर बोलणाराही आपोआप कामाचं तेवढंच बोलेल. 'साहित्याचा आढावा' नावाच्या त्या सात स्लाइड आधी उडतील.

आणि भाषेचं काय? मराठीत विचार करणारी, मराठीत मुलाखती घेणारी मुलगी स्टेजवर चढल्यावर इंग्रजी स्लाइड वाचून दाखवते, कारण 'तसंच असतं'. वाचून दाखवलेल्या वाक्यावर प्रश्न आला की ती गप्प होते. तिला विषय येत नाही असं नाही, त्या भाषेत भांडता येत नाही इतकंच. स्लाइडवर इंग्रजी राहू द्या, पण बोलणं आणि प्रश्न मराठीत चालतील, असं आयोजकांनी आमंत्रणातच छापावं.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना त्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येईल. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, त्यामुळे ती बॅच २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येईल. विशी-एकविशीतली ही मुलं आपलं पहिलंवहिलं काम घेऊन याच खोल्यांत उभी राहणार आहेत.

तोवर एक करा. पुढच्या वेळी परिषदेचा फॉर्म आला की फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा, प्रश्नांसाठी किती मिनिटं ठेवलीत? उत्तर 'चहाच्या वेळी' असं आलं, तर त्याच पैशांत एसटीने लासलगावला जाऊन या. बाजार समितीत कांदेवाले फुकट प्रश्न विचारतात.