घरच्या विजेचा कारभारी

'भारनियमन' हा शब्द कानी पडताच आपल्या कपाळाला आठ्या पडतात. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातील खेड्यांनी हे भारनियमन पुरेपूर भोगले. रोज कित्येक तास वीज जात असे, आणि ती कोणाची जावी व कोणाची राहावी हे दूरच्या कचेरीत ठरत असे. आज ज्या भारनियमनाविषयी लिहावयाचे आहे, ते मात्र घरच्याघरी, आपल्या स्वतःच्या निवडीने होणारे आहे.

खानापूर तालुक्याच्या रानाकडील वाड्यांसारख्या ठिकाणी एखादे शेतघर गावापासून इतके दूर असते की तेथवर तारा ओढणे परवडत नाही. अशा घराने छपरावर सोलर पॅनेल बसवून घेतले आणि खाली बॅटरी ठेवली, की ते घर आपल्यापुरते एक लहानसे वीजमंडळच होऊन बसते. वीज उत्पन्न करणारे तेच, साठवणारे तेच आणि वाटणी करणारेही तेच. यांतील पहिली दोन कामे यंत्रे निमूटपणे करतात. वाटणीचे काम मात्र बहुधा कोणीच करीत नाही, आणि मग रात्री दोन वाजता इन्व्हर्टर कर्कश शीळ घालून सर्व घर एकदमच अंधारात लोटतो.

असे का होते, ते हिशेबाने पाहू. समजा, पॅनेल १,००० वॉटचे आहेत. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते सुमारे चार युनिट वीज देतील. बॅटऱ्या शिशाच्या, १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या, अशा दोन आहेत. त्यांत एकूण ३.६ युनिट मावतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हा नियम पाळला, तर हाती १.८ युनिट उरतात. आता रात्रीचा खर्च मांडा. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास, म्हणजे २२५ वॉट-तास. सत्तर वॉटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे १,१२०. फ्रिजला रात्रीचे सुमारे ५००. साठ वॉटचा टीव्ही चार तास, म्हणजे २४०. यांखेरीज इन्व्हर्टर स्वतः काही न करताही वीस एक वॉट खात बसतो. चौदा तासांत त्याचे २८० होतात, आणि हा खर्च कोणाच्याच ध्यानी येत नाही. बेरीज २,३६५ झाली. शिलकीपेक्षा खर्च साडेपाचशेहून अधिक!

पण फ्रिज रात्रीपुरता थांबला आणि टीव्ही बंद राहिला, तर हाच आकडा १,६२५ वर येतो, व दिवे-पंखे सकाळपर्यंत निर्वेध चालतात. (सत्तर वॉटचे पंखे काढून अठ्ठावीस वॉटचे बसविले तर आणखी ६७२ वाचतात. माझे स्पष्ट मत असे की, पहिला पैसा तेथेच घालावा. आपोआप चालणाऱ्या खटक्यांचा विचार मागाहून करावा.)

तेव्हा कोणीतरी जागे राहून वेळीच फ्रिज व टीव्ही बंद करावयास हवा. हे काम माणसाने पत्करले तर घरात रोज वाद होतो. एक म्हणतो, "आई, अजून पाचच मिनिटे", दुसरी म्हणते, "अहो, मुलाचा उद्या पेपर आहे, त्याचा दिवा जाईल." म्हणूनच हा कारभार रिलेवर सोपविणे बरे. बॅटरीचा दाब पाहून खटका पाडणारा रिले हे स्वस्त व साधे उपकरण आहे. भरलेल्या व विसावलेल्या १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.७ च्या आसपास असतो, निम्मी उतरली की १२.१ ते १२.२, आणि ११.८ ला ती जवळजवळ रिती समजावी. चालू भाराखाली हे आकडे आणखी थोडे खाली दिसतात. त्यांच्याच आधारे घरातील उपकरणांच्या तीन पंगती पाडाव्यात.

पहिल्या पंगतीत पाण्याचा पंप, इस्त्री व कपडे धुण्याचे यंत्र. यांना रात्री वीज मुळीच देऊ नये. बॅटरी उन्हाने चार्ज होत असता दाब १३.५ च्या वर चढतो. तेव्हाच यांचा खटका लागावा. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुपारी बॅटरी भरत आली की कंट्रोलर पॅनेलची वीज अडवून धरतो, म्हणजे ऐन उन्हातली वीज फुकट जाते. त्याच वेळी पंप चालून वरची टाकी भरली, तर ती वीज पाण्याच्या रूपाने साठविल्यासारखे झाले. दुसऱ्या पंगतीत टीव्ही व फ्रिज. दाब १२.२ ला आला की यांना निरोप द्यावा. तिसरीत दिवे, पंखे व फोनचे चार्जिंग, यांना ११.५ पर्यंत हात लावू नये.

येथे अनेक वायरमन एक गोष्ट विसरतात. भार काढला की बॅटरी जरा विसावते व तिचा दाब आपोआप वर येतो. मग रिलेला वाटते की वीज आली. तो फ्रिज पुन्हा लावतो, दाब पुन्हा पडतो, आणि रात्रभर खटक्याची टकटक चालू राहते. फ्रिजच्या कंप्रेसरला दोन सुरुवातींमध्ये तीन ते पाच मिनिटांची उसंत लागते. अशा टकटकीने तो जळू शकतो. यास्तव तोडण्याचा व जोडण्याचा आकडा एकच नसावा. १२.२ ला तोडले तर १२.८ किंवा १३ ला जोडावे. तसेच दाब उतरताच लगेच न तोडता मिनिटभर वाट पाहावी, कारण मिक्सर सुरू होताना क्षणभर दाब बसतोच. तेवढ्यासाठी टीव्ही बंद पडू नये.

लिथियमची बॅटरी असेल तर हे आकडे निरुपयोगी आहेत. बहुतांश वेळ तिचा दाब जवळपास सारखाच राहतो आणि शेवटी एकाएकी कोसळतो. तेथे आतबाहेर जाणारी वीज मोजणारा शंट लावून, किती टक्के शिल्लक आहे त्यावरून खटका चालवावा.

आता अवघड प्रश्न. अनावश्यक कोण? वर मी फ्रिजला दुसऱ्या पंगतीत बसविले, कारण दार न उघडता तो चारएक तास थंडावा धरतो, आणि आत पाण्याच्या गोठविलेल्या बाटल्या ठेवल्या तर त्याहूनही अधिक. पण त्याच फ्रिजमध्ये घरच्या आजीचे इन्सुलिन असेल तर? न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. अशा घरात फ्रिज तिसऱ्या पंगतीत जावयास हवा, मग त्यासाठी एक पंखा कमी करावा लागला तरी चालेल. रिलेला आजी ठाऊक नाही. पंगती कोणी कुठे बसावयाच्या हे घरातील माणसांनी, आजीला विचारून, आधी ठरवावे. विक्रेत्याने तयार आणलेला तक्ता तसाच स्वीकारू नये. शिवाय रिलेच बिघडला तर फ्रिज चालू राहावा की बंद, हेही जोडणीत ठरविता येते. औषधाच्या फ्रिजला चालू राहणारी जोडणी द्यावी, आणि रिलेला वळसा घालणारा एक हाती खटका बाजूस असू द्यावा.

जोडणीविषयी थोडे. रिले बॅटरीकडील तारेत न घालता इन्व्हर्टरच्या पुढील तारेत घालावा. इन्व्हर्टरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना उठलेली ठिणगी विझते. बॅटरीची वीज एकसारखी वाहते, तेथे ती ठिणगी पेटत राहून खटका जाळते. पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून त्याला लहान रिले न लावता कॉन्टॅक्टर हवा. जुन्या घरांत सर्व दिवे-बटणे एकाच सर्किटवर असतात. ती वेगळी केल्याखेरीज यांतील काहीच साधणार नाही, व खरा खर्च तेथेच आहे.

फोनवरून चालणारे खटकेही हल्ली मिळतात. त्यांच्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवावा लागणारा राउटर दहा वॉटचा धरला, तरी दिवसाला २४० वॉट-तास खातो. म्हणजे घरच्या पाचही दिव्यांहून जास्त.

कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. त्या दिवसांत दुसऱ्या पंगतीचा आकडा १२.२ वरून १२.४ वर न्यावा, म्हणजे टीव्ही लवकर जाईल. पण बॅटरी उपाशी पडून राहणार नाही. शिशाची बॅटरी उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त शिशाचे कठीण थर धरतात, आणि ते पुढे पूर्णपणे निघत नाहीत. नाताळात तारा रातभर लावावयाचा असेल तर त्यासाठी पाच वॉटचा दिवा पुरे. ऊन स्वच्छ असल्याने त्या महिन्यात आकडा पुन्हा १२.२ वर आणण्यास हरकत नाही.