तान्ह्या बाळाला चांगलं-वाईट कळतं का? ३७ प्रयोगशाळांनी तपासलं तेव्हा काय आढळलं?

अजून एक शब्दही न बोलणाऱ्या बाळाला मदत करणारा आणि आडकाठी करणारा यांच्यातला फरक कळतो का?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये याचं उत्तर 'हो' असं दिलं होतं. 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा अभ्यास जगभर गाजला. आता मात्र त्यावर प्रश्नचिन्ह लागलं आहे.

मूळ प्रयोग काय होता?

डोळे चिकटवलेला एक लाकडी ठोकळा टेकडी चढायचा प्रयत्न करतो. दुसरा ठोकळा त्याला वर ढकलतो, तर तिसरा खाली लोटतो. बाळाने हे पाहिलं की ते दोन्ही ठोकळे त्याच्यासमोर ठेवतात. सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ आणि दहा महिन्यांच्या १६ पैकी १४ बाळांनी मदत करणारा ठोकळा निवडला.

म्हणजे एकूण बाळं फक्त २८.

एवढी कमी का?

तान्ही बाळं प्रयोगशाळेत रडतात, पेंगतात, भलतीकडेच बघत बसतात. पालकांनाही वेळ काढून यावं लागतं. त्यामुळे एका प्रयोगशाळेला मोठी संख्या जमवणं अवघड जातं. आणि संख्या कमी असली की योगायोगही शोधासारखा दिसू शकतो.

मग पुढे काय झालं?

'मेनीबेबीज' या प्रकल्पात पाच खंडांतल्या ३७ प्रयोगशाळा एकत्र आल्या. त्यांनी हाच प्रश्न एकाच पद्धतीने १,०१८ बाळांवर तपासला. त्यातल्या ५६७ बाळांची माहिती निकालासाठी वापरता आली. २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं ४९.३४ टक्के. नाणेफेकीतही साधारण एवढंच येतं.

याचा अर्थ बाळांना काहीच कळत नाही, असा घ्यायचा का?

नाही. या वेळी खऱ्या ठोकळ्यांऐवजी व्हिडिओ दाखवले होते, त्याचाही परिणाम झाला असू शकतो. विशेष म्हणजे, मूळ अभ्यासाच्या प्रमुख लेखिका काइली हॅमलिन या फेरतपासणीतही सहभागी होत्या. स्वतःचाच निष्कर्ष पणाला लावायला त्या तयार झाल्या.

पालकांनी यातून काय घ्यायचं?

'बाळाला अमुक वयात तमुक कळतं' असे दावे मोबाइलवर रोज येतात. त्यावरून आपल्या बाळाला जोखण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती बाळं तपासली? ती कुठली होती? आणि दुसऱ्या कुणी तपासल्यावरही तेच दिसलं का?