जत्रेतील भाडे आणि हजाराची खोली

कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत नंदीच्या देवळापाशी 'कडलेकाई परिषे' ही भुईमूग शेंगांची जत्रा भरते. गर्दी शनिवारपासूनच होते आणि लॉजचे भाडे चढते. त्याला माझा आक्षेप नाही. कमाल दर ठरवल्यास खोली स्वस्त होत नाही, पावतीविना दिली जाते. आक्षेप कररचनेला आहे. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीची जीएसटी-सूट जुलै २०२२ मध्ये काढली गेली, १२ टक्के कर आला. सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे, पण साडेसात हजारांच्या खोलीलाही तोच! ती सूट परत द्यावी. खरी उणीव अर्थात पुरवठ्याची. 'चौल्ट्री' म्हणजे मुळात धर्मशाळा; बंगळुरात आज त्या नावाने बहुतांशी मंगल कार्यालयेच उरली आहेत. जत्रेच्या तीन रात्री तरी त्यांचे दालन माफक दराने वाटसरूंना उघडता येईल.