सरड्याची धाव काचेपर्यंत

दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळासोबत काहीतरी गोड वाचायला हवे असते, हे मी जाणतो. पण आमची केशोरी पडली मिरचीची. तेव्हा इथून गेलेला मजकूर थोडा तिखट लागला तर वाचकांनी गोड मानून घ्यावा.

शहरांतून सध्या एक नवा शौक बोकाळला आहे. इग्वाना नावाचा मोठा हिरवा सरडा घरात पाळायचा! हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. नदीकाठच्या उंच झाडावर ऊन खात बसावे, पाला खावा, संकट दिसताच खालच्या पाण्यात उडी घ्यावी, असा त्याचा जन्माचा संसार. आपण त्याला काचेच्या पेटीत कोंडतो आणि वर ह्याला निसर्गप्रेम म्हणतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हिणवून म्हणत आलो. ह्या बिचाऱ्याच्या नशिबी तर कुंपणही नाही.

ह्या प्रेमाचा हिशेब एकदा मांडू या. विकत घेताना पिल्लू वीतभर असते. पुढे ते शेपटीसह पाच फुटांपर्यंत वाढते आणि नीट जपले तर १५ ते २० वर्षे जगते. म्हणजे पाचवीतल्या पोराच्या हट्टाखातर आणलेला सरडा तो पोर बोहल्यावर चढेल तेव्हाही घरात असणार! त्याला पेटी पुरत नाही, चढउतार करता येईल अशी माणसाच्या उंचीची जागा लागते. अंग शेकायला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. त्यातही उन्हातले अतिनील किरण मिळाले नाहीत, तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ होऊन वाकतात, जबडा सुजतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन कामाचे नाही, कारण काच ते किरण अडवते. म्हणून खास दिवे आणायचे, आणि ते लखलखत असले तरी ठराविक महिन्यांनी बदलायचे. खाणे पाल्याचे, अंडी, मांस किंवा कुत्र्याचे खाद्य घातले की मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय त्याच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लेकराला पानावर बसू देता येत नाही. हे सारे वीस वर्षे, रोजच्या रोज करणारी घरे किती?

माझा एक जुना विद्यार्थी शहरात नोकरीला आहे. परवा त्याने विचारले, "गुरुजी, तीन वर्षांत हा फार वाढला हो. बायको वैतागली. नवेगाव बांधाच्या काठी सोडून देऊ काय? तिथे पाणी आहे, झाडे आहेत."

मी त्याला साफ नाही म्हटले. एक तर आमच्या पूस-माघाच्या थंडीत तो गारठून मरेल. आणि जगलाच, तर ते त्याहून वाईट. अमेरिकेतल्या फ्लोरिडात बाहेरून आलेले असेच इग्वाना माजले. २०२० च्या जानेवारीत थंडीने आखडून ते झाडांवरून पडतील, असा इशारा तिथल्या हवामान खात्याला द्यावा लागला. २०२१ साली तिथे त्यांना निषिद्ध यादीत घातले गेले. आपला कंटाळा आपण जंगलाच्या पदरात का टाकावा?

कोणी म्हणेल, कायद्याने मुभा आहे. आहे ना! २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. नोंद अवश्य करावी. पण नोंदणीच्या कागदातून ऊन पडत नाही. कोणी म्हणेल, मुलांना भूतदया कळते. मी वीस वर्षे मुलांत काढली आहेत. जिवंत प्राणी पैसे टाकून आणता येतो आणि नकोसा झाला की टाकता येतो, एवढेच मूल त्यातून शिकते.

मला खरा संताप येतो तो पुढेच. ह्या इग्वानाशी दिसण्यात मिळतीजुळती घोरपड आमच्या धुऱ्याबांध्यांवर राहते. ती उंदीर खाते, किडे खाते, धानाची राखण करते आणि मोबदला मागत नाही. सिंहगडाची तिची कथा इतिहासकार खरी मानोत न मानोत, मराठी माणसाने तिच्या चिवटपणाला आडनावात जागा दिली. १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे. तिला मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे. तरी सांधेदुखीच्या तेलासाठी तिला मारतात. नराची जननेंद्रिये वाळवून 'हत्ता जोडी' नावाची लक्ष्मी आणणारी मुळी म्हणून विकतात! ऐन लक्ष्मीपूजनाला असली मुळी देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याला आपण कशाची पूजा करतो, हे तरी ठाऊक असते काय? परदेशी सरड्याला विकतचे ऊन आणि घरच्या घोरपडीला काठी, हा कुठला न्याय?

ज्यांनी इग्वाना आणला आहे, त्यांनी तो शेवटपर्यंत निभवावा. दिवा, पाला, जागा, डॉक्टर, काही कमी पडू देऊ नये. विद्यार्थ्यालाही मी हेच सांगितले. ज्यांनी आणलेला नाही, त्यांनी दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन एखाद्या बांधीवर तासभर गप्प बसावे. वारुळाआडून घोरपड जीभ लपलपवीत निघाली, तर लांबून पाहावे आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. प्रेमाला पिंजरा लागत नाही. पिंजरा लागतो तो मालकीला.